गॅलरीतली सवत

गुडघेदुखीमुळे पूजेलाही खुर्चीत बसणारा माझा नवरा आज सकाळी गॅलरीत चक्क गुडघे टेकून बसला होता. समोरच्या कुंडीत त्याचं लाडकं माशा खाणारं झाड, व्हीनस फ्लायट्रॅप. त्याच्या उंच दांड्यावर पांढरी फुलं आली होती. आज उमललेल्या फुलातले पराग ब्रशने टिपून तो कालच्या फुलावर अलगद टेकवत होता. ब्रश माझा, आयलायनरचा. विचारलंसुद्धा नव्हतं.

"इथे मधमाशा फिरकत नाहीत. बिया हव्यात तर हे आपल्यालाच करायला हवं," तो म्हणाला. मला नव्हे, फुलाला सांगितल्यासारखं.

पराग उडतील म्हणून त्याने श्वासही रोखला होता. माझ्या बोलण्यावर साधं 'हं' म्हणायची याला फुरसत नसते! माझा नुसता जळफळाट झाला.

"माझ्याकडे बघितलंस कधी असं?"

"दांडा बघ किती उंच आहे," तो म्हणाला. "पराग घेऊन आलेला किडा खालच्या जबड्यात सापडू नये, म्हणून फूल इतकं वर."

खाली लालचुटूक जबडे आ वासून बसले होते. ज्याची वाट बघायची त्यालाच गिळायचं नसतं, एवढं झाडालाही कळतं. मी मात्र वीस वर्षं, तो जवळ आला की आधी चावते.

"ब्रश धुऊन ठेव," म्हणायला उघडलेलं तोंड मी मिटलं, शेजारी बसले आणि श्वास रोखला.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. फुलाकडे पाहत होता तसं नाही. पण पाहिलं.