ढब्बूला हॉलमध्ये बंदी

सोफेवाल्याला लोकांच्या घरात कुठंही बसायची किळस यायची, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. तीस वर्षं तो जुने सोफे उसवून नवे करत होता. लोक सोफ्यावर बसायचे, हा सोफ्याच्या पोटात हात घालायचा. तिथं कापलेली नखं, केसांचे गुंते, चघळून चिकटवलेलं च्युइंगम, एकदा तर वाळून कडक झालेलं उंदराचं पिल्लू. पण कुत्रेवाल्यांच्या घरचे सोफे म्हणजे कहर. फोममध्ये मुरलेलं मूत, शिवणीत साठलेली लाळ. तो वास डोकं धुतलं तरी जायचा नाही, आणि जेवताना घास तोंडाशी नेला की नेमका आठवायचा.

"पाहुण्यांनी यावं, जेवावं, खुशाल लोळावं," तो ज्याला त्याला ऐकवायचा. "पण आपलं जनावर आपल्या घरी ठेवून यावं." मेहुणी कडेवर कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली, तर यानं तिला दारातच पाणी देऊन वाटेला लावलं. ती वर्षभर बोलली नाही. त्यामुळं याचं काहीच अडलं नाही.

दादाची गोष्ट मात्र वेगळी होती. दादा त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं, हातात कात्री देऊन हे काम शिकवलं. वहिनी गेल्यापासून दादा आणि ढब्बू नावाचा एक थुलथुलीत म्हातारा कुत्रा, एवढंच त्या घरात उरलं होतं. महिन्यातून एका रविवारी दादा भावाकडं जेवायला यायचा. "ढब्बू एकटा राहत नाही रे," त्यानं सांगून ठेवलं होतं. "तो नाही, तर मीही नाही." म्हणजे कुत्र्याला नाही म्हणायचं तर दादाला तोडायचं. सोफेवाल्यानं दातओठ खात तडजोड केली. ढब्बू गॅलरीत, साखळीला. हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही.

त्या रविवारी जेवणं झाली आणि दादाचा सोफ्यावर बसल्या बसल्या डोळा लागला. सोफेवाला आणि त्याची बायको आत भांडी आवरत होते. बाहेर येऊन बघतात तर दादा उभा, आणि सोफ्यावर कोण, तर ढब्बू!

"दादा! अरे, हे काय?"

"बसू दे की थोडं. ऊन लागत होतं त्याला."

सोफेवाल्यानं कुत्र्याला मानगूट धरून खाली ओढलं. कोमट, चिकट लाळ मनगटावर आली. तो हात धुवायला धावला. साबण लावून तीनदा हात धुऊन परत येतो तो दादा स्वेटर कमरेला बांधून दारात उभा. चहालाही थांबला नाही.

तो जिना उतरला आणि इकडं बायको ओरडली. सोफ्यावर ताटाएवढा ओला डाग पडला होता.

दादा घरी पोचतोय न पोचतोय तोच सोफेवाल्यानं फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "नासवला माझा सोफा! शी! जागच्या जागी मुततो, एवढंही धरवत नाही, तर घरात कोंडून ठेवावं ना! लोकांकडं नेऊन शोभा कशाला करायची?"

दादा म्हणाला, "हो रे. चुकलंच त्याचं. आता नाही येणार."

संध्याकाळी सोफेवाल्यानं नाकाला फडकं बांधलं, स्टेपल उपसले आणि शिव्या देत कव्हर सोलून काढलं. मग त्याचे हात थांबले. कुत्र्याचा डाग कडेला असतो, बाजूच्या कापडावरून ओघळलेला. हा बैठकीच्या मधोमध होता, पाठीकडं सरकलेला, तळापर्यंत उतरलेला. वृद्धाश्रमाच्या खुर्च्या दुरुस्त करायला आल्या होत्या तेव्हा असे तीस डाग त्यानं पाहिले होते. वासात औषधांच्या गोळ्यांचा उग्र दर्प होता. ढब्बू काही गोळ्या घेत नव्हता. आणि ज्याला एक पायरी चढवत नाही, जिन्यावरून उचलून आणावं लागतं, तो कुत्रा सोफ्यावर चढला कसा? येताना खांद्यावर असलेला स्वेटर दादानं जाताना कमरेला कशाला बांधला?

फोनवरचा आपला शब्दन् शब्द त्याला आठवला. लहानपणी याची ओली अंथरुणं दादानं गुपचूप धुतली होती, आईलासुद्धा कळू दिलं नव्हतं. सोफेवाल्याला स्वतःची अशी शिसारी आली की फडकं सोडून त्यानं मोरी गाठली.

"निघतोय का डाग?" बायकोनं आतून विचारलं.

"कुत्र्याचं आहे. वेळ लागतो," तो म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन त्यानं फोन लावला.

"दादा, पुढच्या रविवारी ये. ढब्बूला घेऊन ये. हॉलमध्येच बसवू त्याला."

"नको रे. त्याचा आता भरवसा नाही. परत घाण करेल."

"करू दे. मी धुईन."

दादानं अगदी हळू आवाजात विचारलं, "तिला कळलंय?"

"ढब्बूनं केलं, एवढंच कळलंय," सोफेवाला म्हणाला.