पाण्याकडचा कोपरा

जवळा बाजारच्या पलीकडल्या तांड्यावरची निलम २००३ साली हिंगोलीत एका खाजगी इंजिनिअरच्या ऑफिसात लागली. पाण्याच्या टाक्यांच्या डिझाइनमध्ये तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. कॉम्प्युटरवर भिंतीचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, सॉफ्टवेअर तुकड्यातुकड्याचा हिशेब मांडतं. तुकडे कुठल्या प्रकारचे घ्यायचे, ते मात्र आपण ठरवायचं. टाकीची भिंत पातळ, म्हणून निलम प्लेटचे, म्हणजे पत्र्यासारखे सपाट तुकडे घ्यायची.

मग ऑफिसात पहिलं काँक्रीटचं धरण आलं. ऑफिसचे मालक अमृतराव साहेब, त्यांनी ते निलमवर सोपवलं आणि तिनं सवयीनं प्लेटच घेतल्या. अहवाल तयार झाला, साहेब खूश. तिचा बाप हरिचंद तर बाजारभर सांगत सुटला, "माझ्या पोरीचं धरण पास झालं!" पास कुठलं व्हायला? सरकारी साहेबांपुढं अजून मांडायचं होतं. पण त्याला आवरणार कोण?

मांडणीच्या आदल्या दिवशी निलमनं रंगीत चित्र छापलं आणि धरणाच्या पाण्याकडच्या पायथ्यावर बोट ठेवायला गेली. पायथा होताच कुठं? प्लेटला जाडी असते ती आकड्यात. चित्रात अख्खं धरण कागदासारखं पातळ, आणि खरं धरण तळाशी रस्त्याएवढं रुंद! काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. आणि पाण्याच्या रेट्यानं ताणाची भीती नेमकी पायथ्याच्या त्याच कोपऱ्यात.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ती सरळ साहेबांसमोर उभी राहिली.

"सर, माझं चुकलं. अहवाल मागं घेऊ."

"काहून? मी बघितलाय की!"

"दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई, सर. धरणाला सॉलिड तुकडे पाहिजेत, ठोकळ्यासारखे."

अमृतरावांनी चरफडत तारीख पुढं ढकलली. एवढे ठोकळे ऑफिसच्या कॉम्प्युटरला झेपेनात, तेव्हा निलमनं कोपऱ्यात बारीक आणि बाकी ठिकाणी मोठे घेतले. त्या कोपऱ्यात सोसवणार नाही एवढा ताण निघाला. धरणाचा तळ रुंद करावा लागला, आणि साहेबांचं चरफडणं आपोआप थांबलं.

रविवारी ती मान खाली घालून तांड्यावर आली. बाजारात बापाचं हसं होणार, याचंच तिला वाईट वाटत होतं.

"बापू, धरण अजून पास न्हाई. माझी चूक व्हती. मागं घेतलं."

"चूक कोनी धरली? सायबानं?"

"न्हाई. मीच."

हरिचंद उठला आणि डोक्याला पटका गुंडाळू लागला. निलमची आई मिराबाई म्हणाली, "आता कुठं निघाले?"

"तांड्यावर सांगून येतो. लोकाइची पोरं पास होऊन राहिली. माझ्या पोरीनं सोताचं धरण सोताच नापास केलं!"