मासे जास्त खाण्यानं मेले नाहीत

मुलांनो, यातला एखादा शब्द अडला तर आईला विचारा, बाबांना नको. मागच्या रविवारी तुमच्यातला धाकटा व्हिडिओ कॉलवर हसत हसत म्हणाला, "अज्जा, आता थोडंच खायला घाला हं, नाहीतर हे मासेपण मरतील!" तुम्ही सगळे हसलात. बाबा तर सगळ्यात मोठ्यानं. अज्जांनी मान फिरवली. धाकट्या, तुझं काही चुकलं नाही, तुला सांगितलं तेच तू बोललास. पण तुला सांगितलं ते खोटं आहे. ते अज्जांच्या नावावर मी राहू देणार नाही, म्हणून आज लिहायला बसले.

पक्षाघातानंतर अज्जा, म्हणजे तुमच्या बाबांचे अप्पा, दिवसभर खुर्चीत असतात. टीव्ही त्यांना नकोसा झाला होता. तेव्हा हुबळीला जाऊन, दाजीबानपेठेजवळच्या एका दुकानातून आम्ही काचेची टाकी आणि मासे आणले. फिल्टर मी निवडला आणि विचार करून निवडला. तुम्हाला वाटत असेल, फिल्टर म्हणजे गाळणी. गाळणं हे त्याचं लहान काम. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं आणि ते विष मोडणारे चांगले जंतू फिल्टरच्या स्पंजात वाढतात. फिल्टर म्हणजे त्या जंतूंचं घर. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे, एवढं मला कळतं.

आता आपलं घर बघा. धारवाडात आमच्या भागात नळ रोज येत नाही. आला की पिंपं भरून ठेवायची. मनात आलं की टाकीचं पाणी बदललं, ही चैन इथं नाही. लाईटचाही भरवसा नाही. अशा घराला साधा स्पंजाचा फिल्टर बरा. बाहेर छोटा पंप, त्यातून हवेची नळी, नळीच्या टोकाला स्पंज. लाईट गेली तर तीच नळी सेलवर चालणाऱ्या पंपाला लावायची. त्याला एकच खोड होती, तो बुडबुड वाजायचा.

"आई, मागं काय उकळतंय? भात लावलायस का?" तुमचे बाबा फोनवर विचारायचे.

"फिल्टर आहे रे."

"बंद कर ना. तुझं काही ऐकू येत नाही."

"तो बंद करायचा नसतो. तू जोरात बोल."

ते जोरात बोलले नाहीत. त्यांनी तिकडूनच दुसरा फिल्टर मागवला. टाकीखाली ठेवायचा मोठा बंद डबा, दोन जाड नळ्या, आवाज अजिबात नाही. तो बसवायला दुकानदार आला, तेव्हा बाबा फोनच्या स्पीकरवर होते. मी म्हटलं, "जुना काढू नका. महिनाभर दोन्ही चालू देत. नव्या स्पंजात जंतू वाढायला वेळ लागतो."

"आई, तुझी ती शाळेतली केमिस्ट्री राहू दे आता," फोन माझ्याच हॉलमधून बोलला. "मी सगळे रिव्ह्यू वाचलेत."

"आणि लाईट गेली की?"

"तुमचं गाव कधी सुधारणार गं?"

दुकानदार नळी हातात धरून उभा. "काय करू री अक्का? काढू?"

"काढा," फोन म्हणाला.

आवाज गेला. त्यानंतरचे कितीतरी रविवार फोनही आला नाही.

मग एका शनिवारी लाईनच्या कामासाठी सकाळपासून लाईट गेली. डबा इन्व्हर्टरवर जोडलेला नव्हता. सेलवरच्या पंपाची नळी मी टाकीत सोडली, त्यामुळे मासे दिवसभर नीट होते. पण बंद डब्यातलं पाणी जागच्या जागी राहिलं, आत हवा नाही, जे काही जंतू झाले होते ते मेले आणि पाणी सडलं. संध्याकाळी लाईट आली तसा डबा आपोआप सुरू झाला आणि ते सडकं पाणी त्यानं थेट टाकीत ओतलं. मी स्वयंपाकघरात होते. कुजक्या अंड्यासारखा वास आला म्हणून धावले आणि बटण बंद केलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पिंपात होतं नव्हतं तेवढं पाणी घातलं. ते पुरलं नाही. नळ परवा यायचा होता.

सकाळी अज्जांच्या समोर मी मेलेले मासे जाळीनं काढले. त्यांना दुसरीकडे बसवायचं म्हटलं, तर खुर्चीचा हात सोडेनात.

बाबांना फोटो पाठवला, काय झालं ते लिहिलं. उत्तर आलं, "ओव्हरफीडिंग. अप्पांना सांग, खाणं कमी घालत जा." नंतर तुम्हालाही तेच सांगितलं गेलं. माझं लिहिलेलं त्यांनी वाचलंच नसेल, असं मी काही दिवस धरून चालले. आता तसं वाटत नाही.

अज्जा जन्मभर कोर्टात दुसऱ्यांची बाजू मांडत आले. आता त्यांच्याकडे थोडेच शब्द उरलेत, त्यातले बरेचसे कानडी. खाणं घालायचं काम त्यांचं होतं. एक चिमूट घातली की स्वतःच्याच हाताला "साकु" म्हणायचे. साकु म्हणजे पुरे. दुसरी चिमूट त्यांनी कधी घेतली नाही. मी रोज शेजारी बसलेली असायचे, मी सांगते.

नवा डबा आता माळ्यावर आहे. टाकीत पुन्हा स्पंज चालू केला आहे, त्यात जंतू पहिल्यापासून वाढवावे लागले. बाबांना आवाज येत असेल तर येऊ दे.

रविवारचा तुमचा फोन झाल्यापासून अज्जा खाण्याची डबी हातात घेत नाहीत. मी त्यांच्या तळव्यावर ठेवली तर बोटं मिटत नाहीत, डबी खाली पडते. त्यांची खुर्चीही आता त्यांनी खिडकीकडे करून घेतली आहे. पुढच्या फोनला त्यांच्याशी काय बोलायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. शिकवून पाठवलेलं वाक्य मला नको.

माशांपैकी दोन गुरामी आणि एक काळी मॉली एवढेच वाचलेत. तिघांना खाणं सध्या मी घालते.