आजोबांचं खाकरणं

आमच्या गावाकडच्या घरात आजोबा दारातून आत येण्याआधी खाकरतात. घसा खराब म्हणून नव्हे. सून आत उघड्या डोक्यानं वावरत असेल, तिला पदर घ्यायला, बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. ही रीत चांगली की वाईट, यावर माझं आणि आईचं पटत नाही. पण त्या खाकरण्याशिवाय ते आमचं घर वाटणारच नाही, एवढं मला ठाऊक होतं.

नांदेडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी व्हीआरमध्ये, डोळ्यांवर हेडसेट चढवून आत वावरता येईल असं, आमचं घर करायला घेतलं. कॉलेजचा चौफेर टिपणारा कॅमेरा गावी नेला, अंगणात मधोमध उभा केला. आवाज वेगळे घेतले. हेडसेट घातला की समोर चूल, उजवीकडे नळाखालची घागर, आणि आजोबा पाठीमागून, डाव्या अंगाला दारातून खाकरतात. तो आवाज नेमका तिथूनच यावा म्हणून मी कितीतरी दिवस घालवले.

आमच्या सरांनी ऐकलं आणि म्हणाले, तो खोकला काढ, माणूस दचकतो. बासरी टाक, बैलांच्या घुंगरांचा आवाज टाक, म्हणजे गावात गेल्यासारखं वाटेल. आमच्याकडे बैल नाहीत, ट्रॅक्टर भाड्यानं येतो. बासरी तर गावात कुणी वाजवत नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सरांना उलट बोलायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी "हो सर" म्हणाले आणि बासरी टाकली. जुनी फाइल मात्र पुसली नाही.

लातूरला एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये आमच्या वर्गाच्या कामांचं प्रदर्शन होतं. आई गावाहून एसटीनं आली. लोक बासरी ऐकून "वा, काय शांत आहे" म्हणत होते. आईचा नंबर आला तेव्हा मी गुपचूप जुनी फाइल लावली. तिला तिचंच घर दाखवायचं होतं मला.

आई चुलीकडं बघत उभी राहिली. मग आजोबा खाकरले. तिनं झटकन पदर ओढला, तो हेडसेटच्या पट्ट्यात अडकला, तशीच ती अंग चोरून भिंतीकडं सरकली. तिथं भिंत नव्हती. रांगेतली माणसं होती, ती सगळी हसायला लागली.

सर धावत आले. "याला म्हणतात गुंगून जाणं! मावशी, पुन्हा एकदा करा बरं, व्हिडिओ घेतो."

आईनं पदराला हात लावला आणि थांबली. "आता कसं घेऊ? मामंजी खाकरले न्हाईत की."

पुन्हा हशा. सरांचा फोन सुरूच होता.

जो आवाज सरांना दोष वाटला होता, त्याच आवाजानं माझी आई क्षणभर खरोखर घरी गेली होती. आणि आता तीच यांच्या करमणुकीचा नमुना झाली होती. बासरीवर डोलणाऱ्यांना कुणी हसलं नव्हतं. मी आईच्या डोक्यावरून हेडसेट काढला.

बाहेर रिक्षात तिनं एवढंच विचारलं, "लोकं कशाला हसून राहिले गं? माझं काय चुकलं का?"

तिच्या "चुकलं का"नंच मला जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी पुढच्या प्रदर्शनासाठी फाइल मागितली. मी खाकरण्याची फाइल दिली. आणि म्हणाले, "सर, हेच माझं काम. आणि आईचा व्हिडिओ आधी पुसा."

सर म्हणाले, कौतुकानंच घेतला गं तो. मग त्यांनी फोन खिशात घातला.

मी तिथंच उभी राहिले. वर्ग सुटला, मुलं गेली, शिपाई दारं लावायला आला. शेवटी सरांनी फोन बाहेर काढला.