फू-आजीची फुंकर

ओठांचा चंबू करायचा, डोळे बारीक करायचे आणि हलकेच फू करायचं. आमच्या शेजारणीचं हे औषध सगळ्यांना चालायचं. विझत्या चुलीला, गरम चहाला, डोळ्यात गेलेल्या कुसळाला आणि आजारी कोंबडीला. "फुंकरीला काय लागतंय?" असं म्हणायची आणि पुढच्या दुखण्याकडे वळायची.

बाळांनो, तुम्ही तिला विसरला नसाल. उमापूरला सुट्टीत आला होतात तेव्हा तुमच्यापैकी एकाने गुडघा फोडून घेतला होता. मी कापूस आणि औषध शोधेपर्यंत ही कुंपणातल्या फटीतून आत आली आणि फुंकर मारून मोकळी झाली. रडणं तिथेच थांबलं. तेव्हापासून तुमच्यासाठी ती फू-आजी.

घरी एकटीच होती. नवरा मेंढ्या राखायचा, तो गेल्यावर मेंढ्या विकल्या आणि गावरान कोंबड्या तेवढ्या राहिल्या. लेक परळीला दिलेली. सकाळी एकेका कोंबडीला काखेत घेऊन ती तिच्याशी बोलायची, पंखाखाली बघायची. एखादं पिल्लू मान टाकून बसलं की त्याची चोच उघडून, तिला ओठ टेकवून आत फुंकायची. अशी उठून पळालेली पिल्लं मी स्वतः पाहिली आहेत. मला किळस यायची.

"अगं, तोंड कशाला लावतेस?"

"कावून? पिल्लूच हाय की. तुमी इंग्रजी शिकवून शिकवून लई भित्र्या झालाव बाई."

भित्री मी होतेच. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ भरपूर. पक्ष्यांचा ताप, म्हणजे बर्ड फ्लू, रूप बदलतो, परदेशात तो गायींच्या गोठ्यात शिरला, मांजरांना झाला, क्वचित माणसांनाही झाला, हे मी वाचत होते. माणसाकडून माणसाकडे तो अजून सहजी जात नाही, हेही वाचलं होतं. त्यातला 'अजून' हा शब्द मला झोपू देत नव्हता.

मग एके सकाळी आमच्या लिंबाखाली कावळा मरून पडलेला दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी कावळे. एक जिवंत होता. त्याची मान उलटी वळली होती आणि तो जागच्या जागी गोल फिरत होता. गावात कावळा ओरडला की पूर्वी आपण पाहुण्यांची वाट बघायचो. त्या आठवड्यात एकही ओरडला नाही. ती शांतता काय होती, ते मला नीट सांगता येणार नाही.

मेलेल्या कावळ्यांचे नमुने तपासायला भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. निकाल यायच्या आतच फू-आजीच्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. सकाळी दाणे टिपणारी दुपारी पाय ताणून पडायची. तुरे काळेनिळे.

निकाल आल्यावर पशुवैद्यकीय खात्याची माणसं आली. अंगभर पांढरे पोशाख, तोंडावर मास्क, डोळ्यांवर मोठे चष्मे. त्यांच्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. गावाबाहेर खड्डा खणला होता, चुन्याची पोती उतरवली होती. उरलेल्या निरोगी कोंबड्याही द्याव्या लागणार होत्या.

"आजी, सगळ्या आल्या ना?"

"सगळ्या. तुमी काय चंद्रावर चाललाव का असलं घालून? माज्या कोंबड्या भेल्या की तुमाला बघून!"

एवढी भांडली त्या दिवशी. कपड्यांवरून भांडली, चपलांवरून भांडली, अंगणात चुना सांडला म्हणून भांडली. मला वाटलं, दुःखाने भांडते आहे. माणसं गेल्यावर ती एकदम गप्प झाली आणि तेव्हा तिच्या घरातून मला आवाज आला. खुड् खुड्, खुड् खुड्.

एक कवडी, म्हणजे ठिपक्यांची कोंबडी खुडूक बसली होती. आतल्या खोलीत, कणगीच्या आडोशाला, डालग्याखाली, अंड्यांवर. तिचा आवाज झाकायला ही तेवढी भांडली होती.

"अगं, हे काय केलंस?"

"अंड्यावर बसलेलीला उठवत न्हाईत बाई. आन् ती कुठं बाहीर गेलती? तिला कुठला रोग?"

बाहेर कोंबडी गेली नव्हती, पण दाणे टाकायला ही आत-बाहेर करत होती, त्याच अनवाणी पायांनी. मी समजावत होते आणि ती मान हलवत होती. त्याच खोलीत तिचं अंथरूण होतं.

मी घरी येऊन लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. लागला तो दुसऱ्या दिवशी. त्या येईपर्यंत कवडीने मान टाकली होती. फू-आजी तिला मांडीवर घेऊन बसली होती, आणि आम्ही दारात उभ्या असताना तिने कोंबडीची चोच उघडली, ओठ टेकवले आणि फुंकलं.

"आजी, नको!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. तोपर्यंत तिने पुन्हा फुंकलं होतं.

कोंबडी उठली नाही. अंडी पिशवीत भरताना एका अंड्याला आतून टोच पडलेली दिसली. बारीक चिवचिव ऐकू आली. डॉक्टरीणबाईंनी पिशवीचं तोंड बांधून टाकलं. फू-आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "चुगली केलीत बाई तुमी." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

तिला गोळ्या सुरू केल्या, घरातच राहायला सांगितलं. आणि तिला ताप आला.

बीडहून रुग्णवाहिका आली. मी ओट्यावर उभी होते. आदल्या आठवड्यात मी तिच्या हातचा चहा प्यायले होते, तिने फुंकर मारून दिलेला. माझा घसा दुखतो आहे असं मला वाटायला लागलं. रात्रंदिवस थर्मामीटर उशाशी. तुमचा फोन आला की मी हसून बोलायचे. तिच्यापासून मला, माझ्यापासून दूधवाल्याला, त्याच्यापासून त्याच्या शाळेत जाणाऱ्या लेकरांना, एस.टी.तून बीडला, तिथून तुमच्यापर्यंत. मी मनात हा रस्ता काढत बसायचे. तो कुठे अडत नव्हता, हीच भीती. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

तिचा तपासणीचा अहवाल आला. तो ताप पक्ष्यांचा नव्हता, साधाच होता. कवडीचा मात्र तोच होता. "या वेळी वाचलो," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या.

फू-आजी परत आली ती बारीक होऊन. अंगण झाडलेलं, चुन्याने पांढरं. तिथे उभं राहून ती कुणाशी बोलणार? लेक न्यायला येते म्हणाली, परळीला. जायच्या दिवशी ती स्वतःहून माझ्या स्वयंपाकघरात आली.

"बाई, माज्यापून तुमाला कायी झालं न्हाई ना?"

"नाही गं. बस, चहा करते."

बोलण्याच्या नादात पातेल्याची कड माझ्या बोटाला लागली. मी हात झटकला. तिने सवयीने माझा हात धरला, बोट तोंडाशी नेलं, ओठांचा चंबू केला, डोळे बारीक केले.

आणि थांबली.

हळूच माझा हात सोडला. पदर तोंडावर दाबून दोन पावलं मागे सरली.

"गार पाण्यात धरा बाई," पदराआडून म्हणाली.

दारातून लेकीने हाक मारली. ती गेली, वळूनही न बघता, पदर तसाच तोंडावर धरून. परळीच्या एस.टी.चा हॉर्न ऐकू येईपर्यंत मी बोट नळाखाली धरून उभी होते.