धाकटीची गोळी

दोघी जावा एकाच खोलीत शिवणकाम करायच्या. नाव होतं थोरलीच्या हाताला. नवरीच्या पोशाखावर टिकल्या लावाव्यात तर तिनेच. धाकटीचे हात थरथरायचे, म्हणून तिच्याकडे हुक आणि दुमडी.

मग धाकटीचं काळीज सैरावैरा सुटायला लागलं. बसल्या बसल्या छाती अशी धडधडायची की सुई हातातून गळायची. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि गोळी दिली. "ठोक्यांना लगाम बसेल. मनानं बंद करायची नाही."

गोळी लागू पडली. वर हातांची थरथरही थांबली. टाके मोत्यासारखे पडू लागले.

"हिचा हात बघ, यंत्र झालंय नुसतं!" सासूबाई म्हणाल्या.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हल्ली तिच्याच बोटांना कंप सुटला होता, त्याचं कुणाला काय? सगळे धाकटीला जपत होते. थोरलीचा नवरासुद्धा बजावायचा, "तिला जड उचलू देऊ नकोस." आजारी पडून बाई मिरवतेय, असं थोरलीला वाटे.

एक दिवस पोशाख शिवायला देताना नवरीची आई म्हणाली, "टिकल्या धाकट्या वहिनींनीच लावाव्यात हं."

धाकटी पाणी आणायला गेली, तशी थोरलीने तिच्या पाकिटातली एक गोळी गिळली.

थोरलीला लहानपणापासून दमा. थोड्या वेळाने छाती आवळली, श्वासाला शिट्टी लागली. फवारा मारला, पुन्हा मारला, उतार पडेना.

"वहिनी, काय घेतलंत?" धाकटीने विचारलं.

थोरलीने पाकिटाकडे बोट दाखवलं. धाकटीने ते उचललं, थोरलीला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात डॉक्टरांपुढे पाकीट ठेवलं.

"दमेकऱ्याला ही चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "तिचं औषध ते तुमचं विष."

थोरलीचा श्वास मोकळा झाल्यावर धाकटी खाटेशी बसली. "मला विचारायचंत तरी. जिना चढताना पाय शिशाचे होतात माझे. बोटं गार पडतात. हवंय तुम्हाला हे?"

"टाके सरळ येतात ना पण?" थोरली म्हणाली.

धाकटीला हसू फुटलं. थोरलीला नाही.

पोशाख धाकटीनेच पुरा केला. थोरलीने उजेडात धरून वाकडा टाका शोधला, सापडला नाही. "बरा झालाय," ती म्हणाली आणि कात्री घेऊन पुढचं कापड कापायला बसली. कापणं धाकटीला अजून येत नव्हतं. ते शिकवायची थोरलीला काही घाई नव्हती.