धरून घेतलेलं माप

बुवापाड्यातले आमचे टेलरमास्टर गिऱ्हाइकांवर नुसते खेकसतात. "सरळ उभे राहा! पोट आत घेऊ नका!" माझ्या सात वर्षांच्या मुलीला मात्र त्यांनी कधी एकही हुकूम सोडला नाही. ती ऑटिस्टिक आहे. बोलत नाही, कुणी हात लावला की किंचाळते. मास्टर टेप आधी स्वतःच्या मनगटाला गुंडाळतात आणि मशीनकडे बघत पुटपुटतात, "थंड आहे बरं का जरा. इथे ठेवतो. वाटलं तर बघू." मग काजं करत बसतात.

यंदा युनिफॉर्म शिवायचा होता. अर्धा तास झाला तरी ती टेपला फक्त बोट लावत होती. माझा धीर सुटला. "हात वर कर!" म्हणत मीच तिचे दोन्ही हात धरून वर ओढले. "घ्या मास्टर, पटकन घ्या."

मास्टरांनी टेप खिशात टाकली.

"धरून घेतलेलं माप खोटं येतं, ताई. पोर अंग चोरतं."

त्यांनी तिच्या जुन्या फ्रॉकवरून माप घेऊन युनिफॉर्म शिवला. नीट बसला.

आता घरी मीही तसंच बोलते. "कंगवा इथे ठेवतेय. वाटलं तर ये."

ती येते. पण आधी माझे हात कुठे आहेत ते बघते.